८० प्रश्न

दोनदा राज्यसेवेची मुख्य परीक्षा दिली, एकदा मुलाखतीपर्यंत पोचले, तिसऱ्यांदा पूर्वलाच घसरले. घरी तोंड दाखवायला काहीतरी हवं म्हणून पुण्याच्या नवी पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या माळ्यावर गणित शिकवायला बसले. क्लास काढायचा वगैरे विचार नव्हता.

२०१३ साली राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत सीसॅटचा पेपर आला आणि माझं नशीब फिरलं. ८० प्रश्न, २०० गुण, दोन तास. राज्यघटना कोळून प्यायलेली पोरं उताऱ्यांवर आणि बुद्धिमत्तेच्या गणितांवर आडवी व्हायला लागली. सातजणांची बॅच वर्षभरात सत्तरवर गेली. माळा पुरेना, तेव्हा शास्त्री रस्त्याजवळ हॉल घेतला.

एका मुलाचं सांगते. बीडकडचा. नळ-टाकीचं गणित चाललं होतं: एक नळ टाकी भरतो, दुसरा रिकामी करतो. तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं आठ दिवसांनी नळ येतो. त्यात दुसरा उघडा ठेवंल कोण?" वर्ग हसला. मी फळा पुसला आणि नवं गणित लिहिलं. टँकर विहिरीत पाणी ओततोय, काठावर बायका शेंदतायत. विहीर कधी भरेल? त्यानं लगेच उत्तर दिलं, "भरणारच नाही." मग वहीत मांडून तसं सिद्धही करून दाखवलं. ते गणित मी पुढे प्रत्येक बॅचला घातलं.

त्याची पोस्ट मात्र निघाली नाही. चौथ्या अटेम्प्टनंतर तो विचारायला आला, "मॅडम, थांबू का?" तीन गुणांनी कटऑफ हुकला होता. मी म्हटलं, "एवढ्यावर आलास, अजून एकदा दे." त्या महिन्यात हॉलचं भाडं थकलं होतं. तो सल्ला माझ्यातल्या शिक्षिकेनं दिला की थकलेल्या भाड्यानं, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही.

पाचव्यांदाही तो राहिला. गावी गेला तेव्हा एकतीस वर्षांचा होता.

आम्ही क्लासवाले फ्लेक्स लावतो ते पास झालेल्यांचे. एकाच पोराचा फोटो चार क्लासच्या फ्लेक्सवर झळकतो. चाचणी इथे, मॉक मुलाखत तिथे दिलेली असते, त्यामुळे सगळेच खरे! बीडच्या त्या मुलाचा फोटो कुठे लागणार?

२०२१ च्या मार्चमध्ये परीक्षा पुन्हा पुढे ढकलली गेली तेव्हा पोरं शास्त्री रस्त्यावर उतरली. घोषणांमध्ये माझ्या तीन बॅचचे आवाज ओळखू येत होते. पुढच्याच वर्षी सीसॅट फक्त पात्रतेपुरता उरला, ३३ टक्के मिळवले की झालं. माझा हॉल दोन महिन्यांत रिकामा झाला. परत माळ्यावर आले. खोटं कशाला बोलू, आधी रडले, मग बरंही वाटलं.

आता प्रवेशाच्या अर्जावर एक ओळ वाढवली आहे: 'मी ____ या वर्षी थांबेन.' मुलानं स्वतःच्या हातानं साल लिहायचं. पालकांना हे अपशकुनी वाटतं. दोघे-तिघे अर्ज परत घेऊन गेले.

गेल्या जूनमध्ये तिघांचं साल संपलं. दोघे गावी गेले. तिसरा अजून सकाळी सातच्या बॅचला येतो. त्याच्याकडून मी फी घेत नाही.