जुन्या प्रणालीवर नवा कंपायलर

१/१४
एका छोट्या ग्रंथसंग्रहात शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी मासिकांचे स्कॅनिंग चालू होते. स्कॅनरचा ड्रायव्हर फक्त सेंटओएस ६ या २०११ च्या प्रणालीवर चाले. पानांवरील मजकूर ओळखण्यासाठी टेसरॅक्ट ४ हवे होते. ते २०१८ चे. सात वर्षांचे हे अंतर ओलांडण्याचे काम माझ्याकडे आले.

२/१४
‘प्रणालीच बदला’ हा सल्ला सर्वांनी दिला. पण प्रणाली बदलली की स्कॅनर मुका होणार होता, आणि नवा घेण्याइतका पैसा संस्थेकडे नव्हता. सेंटओएस ६ ची देखभाल ३० नोव्हेंबर २०२० रोजी संपलेली, म्हणून यंत्र इंटरनेटपासून तोडलेले. सारी ने-आण पेनड्राइव्हने.

३/१४
पहिला प्रयत्न भाबडा होता. माझ्या नव्या लॅपटॉपवर टेसरॅक्ट कंपाइल केले आणि तयार फाइल जुन्या यंत्रावर नेली. उत्तर एका ओळीत आले : ‘जीलिबसी २.१४ आवृत्ती सापडली नाही.’ त्या यंत्रावर होती २.१२. या एका आकड्यामागे एक रंजक प्रकरण दडलेले आहे.

४/१४
जीलिबसी ही लिनक्सची पायाभूत लायब्ररी. स्मृतीतील मजकूर एका जागेहून दुसरीकडे नकलणारे ‘मेमकॉपी’ हे तिचेच एक फंक्शन. २०१० च्या सुमारास वेग वाढवण्यासाठी त्याची रीत बदलली. काही प्रोसेसरांवर ते शेवटाकडून आरंभाकडे नकलू लागले. फेडोरा १४ वर ६४-बिट फ्लॅशचा आवाज अचानक खरखरू लागला.

५/१४
दोष फ्लॅशचा होता. स्मृतीचे दोन भाग एकमेकांवर येत असतील तर मेमकॉपी वापरू नये, असा सी भाषेचा नियमच आहे. पण लिनस टोरवाल्ड्स यांनी वापरणाऱ्यांची बाजू घेतली : काल चालणारा प्रोग्राम आज बिघडला, तर नियमाचे पुस्तक दाखवून त्यांचे समाधान कसे होणार?

६/१४
२०११ मध्ये जीलिबसी २.१४ ने मध्यममार्ग काढला. नव्या मेमकॉपीला नवी आवृत्ती-खूण दिली आणि जुन्या खुणेमागे जुन्या प्रोग्रामांना सांभाळून घेणारे वर्तन ठेवले. म्हणून जुना प्रोग्राम नव्या प्रणालीवर चालतो. उलट दिशेने हा करार लागू नाही. माझी फाइल २.१४ ची खूण मागत होती आणि यंत्राला ती ठाऊकच नव्हती.

७/१४
‘मग जीलिबसीच बदलून टाक’ असेही कोणी सुचवले. मोह झाला, पण हात आवरला. फाइलींची यादी दाखवणारी साधी आज्ञासुद्धा तिच्यावरच उभी असते. घरात राहून पायाचे दगड उपसण्यासारखे ते झाले असते. स्कॅनरही गेला असता आणि यंत्रही.

८/१४
मार्ग एकच उरला : जुन्या यंत्रावरच कंपाइल करणे. तिथला कंपायलर जीसीसी ४.४, म्हणजे २००९ चा. टेसरॅक्ट ४ लिहिलेले सी प्लस प्लसच्या २०११ च्या प्रमाण रूपात. जन्मानंतर दोन वर्षांनी ठरलेले व्याकरण त्या कंपायलरला पुरते कसे कळावे? म्हणजे आधी नवा कंपायलर घडवणे आले.

९/१४
पण कंपायलर हाही प्रोग्रामच. त्याला कंपाइल कोण करणार? १९६२ मध्ये एमआयटीत टिम हार्ट व माइक लेव्हिन यांनी लिस्पचा कंपायलर लिस्पमध्येच लिहिला आणि त्याच्याकडूनच त्याला कंपाइल करवले. १९८७ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी प्रसिद्ध केलेला जीसीसी हीच वहिवाट आजही चालवतो.

१०/१४
त्याचे तीन टप्पे. जुना कंपायलर नव्याची पहिली प्रत घडवतो, पहिली प्रत दुसरी, दुसरी तिसरी. मग दुसरी व तिसरी ताडून पाहतात. फरक आढळला तर काम थांबते. पोथीच्या दोन नकला ताडून पाठ निश्चित करावा, तसाच हा प्रकार.

११/१४
कोणत्या पायरीवरून कुठे उडी मारता येते, हेही ठरलेले आहे. जीसीसी १० पर्यंतच्या आवृत्त्या सी प्लस प्लसच्या १९९८ च्या रूपावर भागवतात. ११ पासून किमान २०११ चे रूप जाणणारा कंपायलर लागतो. मी ४.४ वरून थेट जीसीसी ७ घडवला, तोही वेगळ्या फोल्डरमध्ये, प्रणालीच्या कंपायलरला धक्का न लावता. यंत्र रात्रभर राबले.

१२/१४
सकाळी टेसरॅक्ट कंपाइल झाले, पण चालेना. चालू होताना ते सी प्लस प्लसची जुनीच लायब्ररी उचलत होते. नवी लायब्ररी प्रोग्रामच्या पोटातच बांधून टाकली, तेव्हा तिढा सुटला. जीलिबसी मात्र यंत्राचीच ठेवली. कंपायलर नवा असला, तरी पाय जुन्या जमिनीवरच हवेत.

१३/१४
पुढे कळले, ही माझी एकटीची खटपट नव्हती. पायथनच्या जगात २०१६ पासून ‘मेनीलिनक्स’ नावाची हीच पद्धत रूढ आहे. तिची पहिली पिढी २००७ च्या सेंटओएस ५ वर, पण जीसीसी ४.८ ने बांधली जाई. बहुतेक लिनक्स यंत्रांवर चालेल असे काही द्यायचे, तर जुन्या प्रणालीवर बसून नव्या अवजाराने घडवायचे!

१४/१४
पहिल्या पानाच्या वाचनात जोडाक्षरे ठिकठिकाणी चुकली होती; तरी मासिकाचे नाव बरोबर उमटले. त्या यंत्राशेजारी आता एक वही आहे. तिच्यात प्रत्येक आज्ञा क्रमाने लिहिली आहे आणि सारा सोर्स कोड कपाटातल्या डिस्कवर आहे. आपण कागद जपतो. ते वाचणारी अवजारेही जपायला हवीत. तुमच्या परिचयाच्या संग्रहात असे एखादे यंत्र असेल, तर ते मोडीत निघण्यापूर्वी त्याची वही लिहून ठेवा.