नवगावची वाट

अलिबागपासून जवळच नवगाव आहे. मुलांनो, आपल्या पूर्वजांचं गलबत तिथेच फुटलं, सात पुरुष नि सात बायका वाचल्या, असं आपण परंपरेने सांगत आलो. तिथे जुनं कब्रस्तान आहे.

गेल्या हिवाळ्यात नातीला घेऊन गेले होते. वाटेत एका म्हातारीने विचारलं, “शनवार तेली का तुम्ही?” नातीने मला हिब्रूत विचारलं, “म्हणजे काय?” सांगितलं, आपले लोक तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून हे नाव. तेली म्हणून पायरी खालचीच होती, उगाच खोटं कशाला बोला! पण आपला शब्बाथ गावाला ठाऊक होता.

इस्राएलात मात्र १९६२ मध्ये रब्बींनी आपल्या लोकांच्या लग्नाआधी पिढ्यांची चौकशी लावली. आपली माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली, तेव्हा ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने आपण सर्वार्थाने यहुदी असल्याचं म्हटलं. मी नंतर आले, तरी वॉर्डात पेशंट विचारायचेच, “तू हिंदू ना?” मी मुकाट्याने बीपी मोजायची.

म्हातारीने शहाळी दिली, पैसे घेईना. म्हणाली, “परत या. शनवारी नको हां, तुमचा पाळायचा दिवस.”