गोळ्या, शेवाळ आणि बाबांची वही

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मी आधी हसलेच. बालवाडीपासून कॉन्व्हेंट! मराठीत शेवटचा निबंध लिहिला तो दहावीत, 'पावसाळ्यातील एक दिवस', आणि तोही गाईडमधून. तेव्हा मित्रांनो, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. विषय मात्र माझ्या घरचा आहे, तो कुठल्या गाईडमध्ये सापडायचा नाही.

माझे बाबा लोणावळ्यात एका बंगल्याचे केअरटेकर आहेत. हे वाक्य लिहायला मला वीस वर्षं लागली. शाळेच्या फॉर्मवर 'फादर्स ऑक्युपेशन'पुढे मी 'मॅनेजर' लिहायचे. बंगला मुंबईच्या एका शेठांचा. ते महिन्यातून एखाद-दोनदा येतात, पण बंगल्यापुढचा स्विमिंग पूल वर्षभर तयार लागतो. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल. म्हणजे ४० हजार लिटर पाणी. आमच्या घरी या पुलाची चौकशी घरातल्या आजारी माणसासारखी होते. "आज कसंय पाणी?" "बरंय, जरा गढूळलंय."

दर वर्षी मे महिना आला की पाणी हिरवं व्हायचं. आधी पायऱ्यांच्या कोपऱ्यात बोटाला बुळबुळीत लागतं, मग भिंतींवर पोपटी साय धरते, आणि तिसऱ्या दिवशी तळाची जाळी दिसेनाशी होते. गोळ्या विकणारा म्हणायचा, "डोस वाढवा." बाबा वाढवायचे. कधी मोरचूद टाकायचे. त्याने दोन दिवस बरं वाटायचं, पण भिंतीवर डाग पडायचे. २०१९ च्या मेमध्ये ऐन पाहुणे आले त्या दिवशी पूल हिरवागार होता. 'लक्ष नाही तुमचं' म्हणत शेठांनी बाबांचा अर्धा पगार कापला. माझी शाळेची पहिली फी शेठांनीच भरली होती, त्यामुळे बाबांना राग यायचीही सोय नव्हती.

२०२४ च्या मेमध्ये मी परीक्षा आटपून घरी गेले, तर तोच रंग! शनिवारी पाहुणे येणार, आणि सोमवारी पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं. मी केमिकलची. फुशारकीने म्हटलं, "बाबा, मी बघते."

किटमधले पिवळे थेंब टाकले. पाणी चांगलं पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन आहे. लाल थेंबांनी पीएच दाखवला ८.२. सापडलं! क्लोरीन पाण्यात गेलं की त्याची दोन रूपं होतात. त्यातलं जे खरं जंतू मारतं, ते पीएच ७.५ ला साधारण निम्मं असतं आणि पीएच ८ च्या वर पाव हिश्शापेक्षाही कमी उरतं. म्हणून तर ७.२ ते ७.८ च्या मध्ये ठेवायचं. ॲसिड टाका, पीएच उतरवा, शेवाळ खल्लास. परीक्षेत याला पूर्ण मार्क मिळाले असते.

मी घाईने हाताला लागली ती बादली घेतली आणि तिच्यात ॲसिड ओतलं. बादलीच्या तळाशी गोळ्यांचा चुरा होता. फस्सकन पिवळट हिरवा धूर आला, आणि छातीत कोणीतरी बोळा कोंबावा तसं झालं. बाबांनी दंडाला धरून मला ओढत वाऱ्याच्या उलट्या अंगाला पार फाटकापर्यंत नेलं. बादलीला हात लावला नाही, तिच्यात पाणी ओतलं नाही, कुणाला जवळ जाऊ दिलं नाही. मी संध्याकाळपर्यंत खोकत होते. रात्री ते एवढंच म्हणाले, "ॲसिडची बादली लाल, गोळ्यांची निळी. कॉलेजात शिकवत न्हाईत व्हय?"

शिकवतात. फ्यूम हूडमध्ये, गॉगल लावून, दहा मार्कांसाठी.

दुसऱ्या दिवशी नीट ॲसिड घालून पीएच ७.४ वर आणला. शेवाळाला काही फरक नाही! मागाहून लक्षात आलं की मी कारण आणि परिणाम उलटे धरले होते. शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं, त्याने पीएच आपोआप चढतो.

मग मी बाबांची वही मागितली. लाल पुठ्ठ्याची, दुकानदार उधारी लिहितात तसली. रोजची तारीख, गोळ्या किती, फिल्टर किती तास, पाऊस पडला का. शेवटच्या रकान्यात शेरा: 'पानी बरे', 'पानी नाराज'. वाचता वाचता मी सहज विचारलं, "पावसाळ्यानंतर गोळ्या कमी कशा लागतात हो?"

"लागतातच कमी. पूल भरून वाहतो ना, नवं पाणी येतं. दिवाळीला एका गोळीत भागतं, तेच मेमध्ये चारनं भागत नाय. पाणी म्हातारं होतं."

पाणी म्हातारं होतं! मी डब्यावरचं बारीक इंग्रजी वाचलं. ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड, ९० टक्के. ही गोळी विरघळते तेव्हा क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिडही सोडते. ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, छत्रीसारखं, म्हणून थोडं हवंच, ३० ते ५० पीपीएम. पण क्लोरीन खर्च होतं आणि छत्री मागे उरते. ती उन्हाने जात नाही, बाष्पीभवनाने जात नाही. छत्र्या साठत गेल्या की क्लोरीन त्यांच्याखालीच दडून बसतं. किटमध्ये दिसतं, पण कामाला येत नाही. आणि वर आपण काय करतो? अजून गोळ्या टाकतो!

२०० ग्रॅमची एक गोळी आमच्या पुलात पावणेतीन पीपीएम छत्री वाढवते. नोव्हेंबरपासून वहीत ८४ गोळ्या. म्हणजे साधारण २३०. पुण्याहून मैत्रिणीकडून वेगळं किट मागवलं. त्यात पाणी ढगाळत जातं आणि नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की आकडा वाचायचा. आकडा १०० च्या पलीकडे गेला, म्हणून नमुन्यात निम्मं साधं पाणी घालून पुन्हा बघितलं. १८०. राहिलेलं बॅकवॉशमधून गेलं असणार.

बाबांना समजावून सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे त्या साली मी गोळ्या कमी टाकल्या असत्या तर?"

मला उत्तर देववलं नाही.

उपाय एकच होता. दोन तृतीयांश पाणी काढायचं आणि नवं भरायचं. २७ हजार लिटर, म्हणजे तीन टँकर. आणि तेही मे महिन्यात, आमच्या वस्तीत नळ एक दिवसाआड येत असताना. आई म्हणाली, "तीन टँकर त्या खड्ड्यात ओतणार?" यावर माझ्या कुठल्याच पुस्तकात काही नाही.

शेठांना फोन बाबांनी लावला. "तीन टँकर? गोळ्या टाकायला काय होतं तुम्हाला?" एवढं मलाही ऐकू आलं. मी फोन घेतला आणि इंग्रजीत बोलले. तेच सगळं, छत्रीऐवजी 'स्टॅबिलायझर' म्हणून. दोन मिनिटांत, "ओके बेटा, गो अहेड." पाणी म्हातारं होतं हे बाबा चार वर्षं सांगत होते. २०१९ च्या अर्ध्या पगाराचा विषय माझ्या ओठांवर आला होता, पण बाबांनी समोरून मान हलवली. नको. फोन ठेवला तेव्हा मला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

बुधवारी पाणी उपसलं. त्यात क्लोरीन अगदी थोडं उरू दिलं होतं, ते कुंपणाच्या बांबूंना सोडलं. आईने टँकरवाल्याला थांबवून आमची दोन पिंपं आधी भरून घेतली. मग बाबा आणि मी ब्रश घेऊन भिंती घासल्या. शेवाळ चिकटलेलं असेल तर क्लोरीन आत पोचत नाही. सूर्य मावळल्यावर गोळ्यांऐवजी पातळ हायपो टाकलं, कारण दिवसा टाकलं तर ऊनच अर्धं खातं. रात्रभर फिल्टर, सकाळी बॅकवॉश, पुन्हा तेच. मेलेलं शेवाळ पांढुरकं होऊन तरंगत राहतं. गुरुवारी रात्री तुरटी फिरवून फिल्टर बंद ठेवला, आणि शुक्रवारी तळाशी बसलेला गाळ व्हॅक्यूमने थेट बाहेर काढला. मग सोडा घालून अल्कलिनिटी १०० वर.

शनिवारी पाणी निळं होतं, किंचित दुधाळ. पाहुणे आले, काठावर बसले, पाय बुडवले, फोटो काढले. पोहलं कोणीच नाही!

आता वहीत एक रकाना वाढलाय, 'छत्री'. दर रविवारी हॉस्टेलवर फोन येतो. "सात पॉइंट चार. क्लोरीन तीन. छत्री पंचेचाळीस. पानी खुश." मी लिहून घेते. मग ते विचारतात, "जेवलीस का?"