ओढणे आणि पेलणे

गेल्या मे महिन्याच्या सुटीत अमेरिकेत, डेन्व्हरला, थोरल्या चुलतभावाकडे गेलो होतो. रॉकी पर्वत पाहावा आणि परतल्यावर वर्गात मुलांना चार गोष्टी सांगाव्यात, एवढाच बेत. पण पहिला आठवडा गेला तो दादाच्या वजनांच्या हिशेबात!

दादा जन्मभर पुलांचे काम करून नुकताच निवृत्त झालेला. मागे उघडा हौदा असलेली पिकअप गाडी दारात होतीच. तिला चाकांवरचे घर जोडायचे आणि वहिनींना घेऊन सारा देश पालथा घालायचा, ही त्याची जुनी हौस. त्याने पसंत केलेल्या ट्रेलरला तिकडे ‘फिफ्थ व्हील’, म्हणजे पाचवे चाक म्हणतात. त्यात पाचवे चाक शोधू नका. घोडागाडीचा पुढचा आस वळावा म्हणून पूर्वी एक आडवे चाक बसवीत, त्याचे नाव तेवढे उरले आहे. हा ट्रेलर गाडीच्या शेपटाला अडकवीत नाहीत. त्याची मान हौद्यात, मागच्या आसावर येऊन टेकते.

“सामान, पाणी भरून १०,५०० पौंड,” दादा ऐटीत म्हणाला, “आणि जाहिरातीप्रमाणे आपली गाडी ओढते ११,०००. पाचशे शिल्लकच!” इसारही देऊन झाला होता.

वहिनींनी गाडीचे दार उघडले. चौकटीवरची चिठ्ठी वाचून त्या म्हणाल्या, “अहो, इथं तर १,६५० लिहिलंय. हे कशाचं?”

दादा गप्प झाला. माणसे आणि सामान मिळून गाडीने अंगावर किती घ्यावे, त्याचा तो आकडा होता. मग त्याने कागद ओढला. अशा ट्रेलरच्या वजनाचा साधारण १५ ते २५ टक्के भार मानेवाटे गाडीवर येतो. २० टक्के धरले तरी २,१००. हौद्यातली जोडणी १५०, ही दोघे ३००. एकूण २,५५०. म्हणजे नऊशे पौंड जास्त!

मला आजोळची बैलगाडी आठवली. पोती मागे भरली की गाडी उलाळ होऊन जू वर उचले. पुढे भरली की बैलांच्या मानेवर भार येई. इथेही तेच. मानेवरचा भार फार कमी केला, तर ट्रेलर मागे झोकांड्या खातो.

“जादा स्प्रिंगा बसवू,” दादा पुटपुटला. पण त्याने पाठ ताठ दिसते, चिठ्ठीवरचा आकडा बदलत नाही, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते?

दुसऱ्या दिवशी आम्ही रिकाम्या पिकअपमधून पश्चिमेला निघालो. १९७३ साली खुला झालेला आयसेनहॉवर बोगदा समुद्रसपाटीपासून ११,००० फुटांवर आहे. तो ओलांडताच रस्ता शंभर फुटांत सहा-सात फूट उतरू लागला. कडेला खडीचा एक चढ दिसला. ब्रेक निकामी झालेला ट्रक त्यात घालून थांबवायचा, अशी सोय. दादा त्याच्याकडे बघतच राहिला.

खाली चहाला थांबलो, तेव्हा तो हळूच मला म्हणाला, “अरे, हिला तीस वर्षं सांगत आलो, ऐसपैस घर घेऊन फिरू म्हणून.”

वहिनींनी ते ऐकले. “घर आहे की आपल्याला,” त्या म्हणाल्या. “मला डोंगर बघायचेत.”

इसार बुडाला. महिन्याभराने दादाने शेपटाला जोडायचा लहान ट्रेलर घेतला. भरून ५,००० पौंड. ट्रकवाल्यांच्या थांब्यावर तो सारा संसार वजनकाट्यावर चढवला. गाडीच्या अंगावर आलेला भार, माणसे धरून, अकराशेच्या आत होता. दादाने पावती दोनदा वाचून वहिनींच्या हाती दिली. त्यांनी ती घडी करून चहाच्या डब्याखाली ठेवली आणि विचारले, “निघायचं ना मग?”