माळ्यावरून उतरलेली गाणी

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या माळ्यावरून चावीचा एक ग्रामोफोन व लाखेच्या सतरा तबकड्या खाली आल्या. आमचे चिरंजीव त्या मोडीत घालावयास निघाले होते, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही त्यांस अडविले नसते. परंतु देवघरापाशी वाती वळीत बसलेल्या आमच्या नव्वदीच्या आत्याबाई एवढेच म्हणाल्या, "एकदा लावून तर पाहा रे."

पिन बदलली, चावी दिली. पहिलीच तबकडी निघाली बालगंधर्वांची. ‘स्वयंवर’ नाटकातील रुक्मिणीचे, यमनातले पद. खाडिलकरांचे हे नाटक 1916 साली रंगभूमीवर आले. चाली भास्करबुवा बखले यांच्या. प्रथम खरखरच तेवढी ऐकू आली. दुसऱ्यांदा लावली तेव्हा कान सरावले. नाटकगृहात ‘वन्समोअर’ घेऊन वाढत जाणारे पद तबकडीवर अवघ्या तीन-साडेतीन मिनिटांत बसवावयाचे! तेवढ्यात राग उभा राहतो, शब्दांतील भावही हरवत नाही, आणि एकही सूर वायफळ वाटत नाही. जुने गाणे ऐकावयाचे ते यासाठी.

तबकडी थांबली, पण गाणे थांबले नाही. आत्याबाई कापऱ्या स्वरात तेच पद पुढे म्हणत होत्या, हरकतींसकट! आजवर आरतीखेरीज त्यांस गाताना आम्ही कधी ऐकले नव्हते. विचारता कळले, की बालपणी याच तबकड्यांवरून त्यांनी गाणे उचलले होते. पुढे गुरूपाशी शिकण्याचा हट्ट धरला, तेव्हा वडील मंडळींनी ग्रामोफोनच माळ्यावर टाकला. "मग भाकरी थापताना मनातल्या मनात म्हणायची," त्या हसून म्हणाल्या. ते हसू आम्हांस बोचले. पुरुषाच्या मुखातून आलेले रुक्मिणीचे पद ज्या घराने डोक्यावर घेतले, त्याच घरास ते स्वतःच्या कन्येच्या मुखी सोसले नाही!

हल्ली दिवेलागणीनंतर आमच्याकडे रोज एक तबकडी लागते. नातीने ते पद शिकावयास घेतले आहे, आणि तिचा सूर ढळला की आत्याबाईंची वातही वळावयाची थांबते.

जुनी गाणी वाचकांनी अवश्य ऐकावीत. मात्र ती एकट्याने ऐकू नयेत. घरातील वडीलधाऱ्यांस शेजारी बसवावे, आणि तबकडी संपल्यावर लगेच उठू नये.