विम म्हणजे भांडे घासाचं?

मंडळी, 'गिट फॉर विंडोज'चा इन्स्टॉलर कधी चालवलाय? नेक्स्ट, नेक्स्ट करता करता एक पान येतं: गिटने कोणता एडिटर वापरावा? यादीत नॅनो, नोटपॅड, व्हीएस कोड वगैरे असतात, पण आधीच निवडून ठेवलेला असतो विम. शेगावला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मावसभावाने फोनवर विचारलं, "दादा, हे विम म्हणजे भांडे घासाचं का?" मी म्हटलं, नोटपॅड घे आणि पुढे चल.

हसलो खरा, पण पोराचं काय चुकलं? एडिटर कशाला हवाय, हेच त्या पानावर लिहिलेलं नसतं. गिटमध्ये बदल नोंदवताना दोन ओळींचा मजकूर द्यावा लागतो, तो लिहायची ही जागा. एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं.

गंमत पुढेच आहे. विमच्या खाली इन्स्टॉलर स्वतःच सांगतो, की हा वापरायला अवघड आहे, केवळ ऐतिहासिक कारणांमुळे डिफॉल्ट आहे, तुम्ही दुसरा घ्या. अहो, मग वाढता कशाला?

इतिहास आहे खरा. बिल जॉयने १९७६ साली व्हीआय लिहायला घेतला, तेव्हा त्याच्या टर्मिनलवर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या, म्हणून कर्सर अक्षरांच्या कळांनी हलवायचा. ब्राम मूलेनारने १९९१ मध्ये त्याचाच विम आणला. सर्व्हरवर काम करायला झकास, मी रोज वापरतो. पण 'विममधून बाहेर कसं पडायचं' हा स्टॅक ओव्हरफ्लोवरचा २०१२ चा प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला होता!

उत्तर असं: एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. पण कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर राहिला असेल तर कोलन आणि क्यूच्या कळांवर 'छौ' येतं, आणि विमला छौ कळत नाही :)

पुण्यात असं अडलं तर शेजारच्या खुर्चीतला सिनियर सांगतो. होस्टेलवर एकटा बसलेला पोरगा मात्र "आपल्याले जमत नाही" म्हणून लॅपटॉप मिटतो. मला खटकतं ते हे.

असो. आधीच विम घेऊन बसला असाल तर इन्स्टॉलर पुन्हा चालवा. मात्र 'फक्त नवे पर्याय दाखवा' ही खूण काढा, नाहीतर ते पान दिसणारच नाही. ती खूणही आधीच केलेली असते...