नौतप्यातलं ड्रॉइंग

22 मे
दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरचं मशीन पुन्हा आपोआप बंद पडलं. त्यावर ग्वाल्हेरच्या दाल बाजारातल्या एका जुन्या वाड्याचं मोजणीचं ड्रॉइंग चालू होतं. वाड्याच्या वाटण्या व्हायच्या आहेत, वकिलांना प्लॅन जूनच्या पहिल्या आठवड्यात हवा आहे. माधव इन्स्टिट्यूटमधून आर्किटेक्चर करून आलेली आमच्या ऑफिसातली मुलगी वैतागून म्हणाली, "ताई, आता नवीनच घेऊन टाका."

नव्या वर्कस्टेशनचं कोटेशन दीड लाखाच्या वर आहे. लश्कर भागातल्या लहान ऑफिसातून एवढी रक्कम सहज निघत नाही. आणि निघाली तरी हेच दुखणं नव्या मशीनला लागणार नाही, याची हमी कोण देणार?

विंडोजमध्ये रिलायबिलिटी मॉनिटर असतो. कधी काय कोसळलं ते तारीखवार दाखवतो. संध्याकाळी तो बारकाईने वाचला. भर दुपारी मशीन बंद पडतं, दिवेलागणीला रीस्टार्ट होतं, आणि मधूनच, वेळेचा काही नेम नाही, नुसतं ऑटोकॅड, म्हणजे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर, जातं. म्हणजे आजार एक नाही.

23 मे
ऊन चढायच्या आत कॅबिनेट गच्चीवर नेऊन उघडलं. प्रोसेसरच्या पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत धूळ इतकी घट्ट बसली होती की चिमट्याने ओढल्यावर अख्खा चौकोन निघून आला. ग्वाल्हेरची धूळ खरं तर कोरडी, ब्रशने झडणारी. ही झडेना, कारण खिडकीतल्या कूलरचा ओला झोत थेट मशीनवर येत होता. पंख्याच्या पात्यांवर पाण्याचा क्षारही पांढरा दिसत होता. थर्मल पेस्ट वाळून तडकली होती. जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली, आणि टेबल खिडकीपासून आतल्या भिंतीला नेलं.

कालपर्यंत रीजन मारलं, म्हणजे अख्खं ड्रॉइंग पुन्हा रेखाटायला लावलं, की तापमान 100 अंशांना टेकायचं. तिथे प्रोसेसर आधी स्वतःचा वेग उतरवतो, आणि तेवढ्याने भागलं नाही तर मशीन बंद होतं. सकाळी पळणारं ड्रॉइंग दुपारी का रखडतं, ते यात आलं. आज तेच काम 80 च्या आत झालं.

ऑटोकॅडची बहुतेक कामं प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतात. तो उष्णतेने मंदावला की बाकीचे कोअर रिकामे बसून काही उपयोग नाही. सोळा कोअरचा प्रोसेसर गळ्यात मारणारे दुकानदार हे सांगत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

25 मे
आजपासून नौतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. परीक्षेला याहून चांगला मुहूर्त नाही. इथला जयविलास महाल 1874 साली उभा राहिला. तिथल्या दरबार हॉलमध्ये साडेतीन-साडेतीन टनांची झुंबरं टांगण्याआधी छतावर हत्ती चढवून पाहिले, असं इथे पिढ्यानपिढ्या सांगतात. आम्हीही सगळ्यात जड फाइल उघडली आणि भर दुपारी तीन तास मशीन राबवलं. बंद पडलं नाही.

28 मे
संध्याकाळचं दुखणं विजेचं निघालं. इलेक्ट्रिशियन भैयांनी सॉकेटमध्ये मीटर लावला: न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये 18 व्होल्ट. हा आकडा दोन-तीनच्या वर असू नये. अर्थिंगची तार खड्ड्यातच गंजून तुटली होती. "मॅडम, ये अर्थिंग तो बस नाम की है," ते म्हणाले. नवी करून घेतली.

मशीन घरगुती इन्व्हर्टरवर होतं, तेही बदललं. लाइट गेल्यावर कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय साधारण सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टर त्याहून उशिरा बॅटरीवर आला की रीस्टार्ट ठरलेला. शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस बसवला.

31 मे
आज फाइल हातात घेतली. माझ्या मते वर्कस्टेशनचा अर्धा वेग फाइलमध्येच अडकलेला असतो आणि तिकडे कुणी बघत नाही.

चौक, ओसरी, दोन मजले, एवढ्या वाड्याची फाइल 140 एमबी! ड्रॉइंग कितीतरी हातांतून फिरून आलं होतं, आणि कुठेतरी त्यात मायक्रोस्टेशन या दुसऱ्या कॅड प्रोग्रामच्या डीजीएन लाइनटाइपचा कचरा शिरला होता. हा कचरा स्क्रीनवर दिसत नाही, पण कॉपी-पेस्टबरोबर एका ड्रॉइंगमधून दुसऱ्यात जातो. ऑडिट करून पर्ज मारलं, म्हणजे फाइल तपासून बिनकामाचं काढून टाकलं, मग एकावर एक पडलेल्या रेषा ओव्हरकिलने काढल्या. फाइल 9 एमबीवर आली.

तरी झूम केलं की रेषा थरथरत होत्या, हॅच तुटत होता. याला कारण लश्करचा पत्ता. सर्व्हेवाल्याने यूटीएम या जागतिक नकाशा-जाळीचे आकडे तसेच ठेवले होते. त्या हिशेबात लश्कर 44 व्या झोनच्या पश्चिम काठावर येतं आणि विषुववृत्तापासून सुमारे 29 लाख मीटर उत्तरेला. आमचं ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, म्हणजे आकडा 290 कोटींवर गेला. फाइल असा आकडा पंधरा अंकांपर्यंत अचूक जपते, पण ग्राफिक्स कार्ड चित्र दाखवताना साधारण सात अंकांवर भागवतं. दीड फुटाच्या भिंतीचा हिशेब नेमका त्या सुटलेल्या अंकांत असतो. वाड्याचा नैर्ऋत्य कोपरा शून्य-शून्यवर आणला, मूळ आकडे शीटवर लिहून ठेवले. रेषा जागच्या जागी थांबल्या. मुलगी दोनदा झूम करून बघत राहिली.

3 जून
ऑटोकॅड अवचित कोसळणं राहिलं होतं. ग्राफिक्स कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज त्याचा ड्रायव्हर स्वतःच रीस्टार्ट करतं, आणि त्या धक्क्यात चालू प्रोग्राम जातो. ड्रायव्हर गेमसाठीचा होता, परस्पर अपडेट होणारा. कॅड कंपन्या कोणत्या कार्डाला कोणता ड्रायव्हर तपासून पसंत केला याची यादी देतात, त्यातला बसवला. मेमरी टेस्ट रात्रभर चालवली, दोष नाही. रॅमची एकच पट्टी होती, तिला जोड दिली.

5 जून
प्लॅन वकिलांकडे पोचला. नव्या वर्कस्टेशनला नकार कळवला. अर्थिंग, यूपीएस, रॅम आणि पेस्ट मिळून खर्च तीस हजारांच्या आत. विंडोज 10 चे मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबलेत. हे मशीन 11 पेलू शकतं, तेवढं काम या रविवारी करायचं.

दाल बाजार, पाटणकर बाजार, कंपू इथल्या जुन्या घरांत ज्यांची ऑफिसं आहेत, त्यांनी नव्या मशीनचं कोटेशन मागवायच्या आधी अर्थिंग मोजून घ्यावं आणि कूलरचं तोंड मशीनवरून फिरवावं.